इंदूरच्या मानाने छान : सभ्य कौतुकाचा अर्थ कसा लावावा

मागच्या दिवाळीत पुण्याहून आलेली माझी आतेबहीण आमच्या सुदामानगरच्या घरी पोह्यांची बशी हातात घेऊन बसली होती. बोलता बोलता ती अगदी मोकळेपणाने म्हणाली, "तुम्हा सगळ्यांचं मराठी किती छान आहे रे, इंदूरच्या मानाने!" माझी पत्नी हसली, मुलाने फोनमधून डोके वर काढले, आणि चहा गाळणाऱ्या माझ्या आईचा हात क्षणभर थांबला. त्या वाक्यात एकही वाईट शब्द नव्हता. तरीही होळकरांच्या मागोमाग अठराव्या शतकात माळव्यात येऊन राहिलेल्या आणि तेव्हापासून घरात मराठीच बोलणाऱ्या कुटुंबाला त्या एका 'मानाने'ने परीक्षेला बसवले होते, आणि वर उत्तीर्णही केले होते.

असे कौतुक ऐकल्यावर माणूस दोन चुकांपैकी एक करतो. एक तर ते भाबडेपणाने जसेच्या तसे गिळतो आणि आठ दिवसांनी त्याला त्यातला खडा लागतो. नाही तर पुढे प्रत्येक गोड वाक्यात खडाच शोधत बसतो. मी या दोन्ही चुका पुरेशा केल्या आहेत. त्यातून हळूहळू एक रीत हाताशी आली, ती येथे क्रमाने मांडतो. तिचे मुख्य गृहीतक असे की रोजच्या बोलण्यातले सभ्य कौतुक बहुधा काहीतरी काम करण्यासाठी पाठवलेले असते: काही मागण्यासाठी, काही नाकारण्यासाठी, तिसऱ्या कोणाला ऐकवण्यासाठी, कधी नुसती शांतता भरून काढण्यासाठी. ते काम कोणते हे ओळखता आले की पुरे. बोलणाऱ्याच्या मनाचा तळ गाठण्याची गरज सहसा पडत नाही.

पहिली पायरी : वाक्य जसेच्या तसे आठवा

ही पायरी सोपी वाटते आणि इथेच सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. कौतुक ऐकल्यावर आपण त्याचा सारांश लक्षात ठेवतो. "ती म्हणाली की माझं मराठी छान आहे" असे आपण घरी सांगतो, आणि ज्या छोट्या शब्दात सगळा अर्थ होता तोच वाटेत गळून पडतो. म्हणून अर्थ लावण्याआधी वाक्य शब्दशः आठवावे आणि जमल्यास एकदा मनात उच्चारून पाहावे. मराठीत छुपा अर्थ मोठ्या विशेषणांत क्वचितच असतो. तो राहतो शब्दाला चिकटणाऱ्या किंवा त्याच्या मागेपुढे येणाऱ्या छोट्या शब्दांत, म्हणजे 'च', 'ही', 'तरी', 'की', 'हो', 'तसा', 'निदान' यांच्यात.

"भाजी छान झाली आहे" हे साधे कौतुक आहे. "आज भाजी छान झाली आहे" यात कालची भाजी आली. "भाजीही छान झाली आहे" यात बाकीचे पदार्थ आधीच चांगले ठरले, म्हणून हे बहुधा निर्मळ. मात्र "भाजी तरी छान झाली आहे" म्हटले की आमटीचे काय झाले हे सांगायला नको. "भाजी छान झाली आहे की!" यातल्या 'की'मध्ये आश्चर्य आहे, आणि आश्चर्य वाटायला आधी अपेक्षा कमी असावी लागते. "भाजी तशी छान झाली आहे" यातला 'तशी' हा दारात उभा राहिलेला 'पण' आहे. दोन क्षण थांबलात तर तो आत येईल. एकाच भाजीची ही सहा रूपे, आणि घरी सांगताना आपण सहाही वेळा एकच सांगतो: "त्यांना भाजी आवडली."

'मानाने' हा शब्द मात्र वेगळा काढून पाहण्यासारखा आहे, कारण तो आपली मोजपट्टी उघड दाखवतो. वयाच्या मानाने, शिक्षणाच्या मानाने, घरच्या परिस्थितीच्या मानाने, इंदूरच्या मानाने. या शब्दाने केलेल्या प्रत्येक कौतुकात दोन विधाने असतात: एक आपल्याबद्दल आणि एक आपल्या गटाबद्दल. आपल्याबद्दलचे विधान चांगले असते. गटाबद्दलचे नसते, आणि ते वादाचा विषय म्हणून समोर न येता सर्वमान्य गोष्टीसारखे बाजूने सरकवलेले असते. माझ्या बहिणीला इंदूरच्या मराठीबद्दल काही सांगायचे होते असे मला वाटत नाही. इंदूरचे मराठी हिंदीत बुडालेले असणार हे तिच्यासाठी इतके उघड होते की ते सांगण्याची गरजच नव्हती. नेमके हेच आईला बोचले.

याच पायरीवर काही शब्दांचे दुहेरी चलन ओळखून ठेवावे. 'वेगळे' हा त्यातला अग्रणी. त्याच भेटीत पोह्यांबद्दल "वेगळेच लागतात हं" असा अभिप्राय मिळाला. आमच्याकडचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यात बडीशेप आणि थोडी साखर असते, वर शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जीरावण नावाचा मसाला पडतो, आणि शेजारी जिलबी असते. शेंगदाणे, ओले खोबरे आणि लिंबाची फोड यांवर वाढलेल्या जिभेला ते वेगळे लागणारच. पण पदार्थ आवडला तर माणूस 'वेगळे'वर थांबत नाही, पुढे काहीतरी जोडतो. जिथे 'वेगळे' एकटेच उभे असते, तिथे ते 'आवडले नाही'च्या जागी उभे असते. 'हौशी' या शब्दाचेही तसेच. उत्साही माणसाला तो गौरव आहे आणि गाणे शिकलेल्या माणसाला तो टोला आहे. "तब्येत छान झाली आहे तुझी" या वाक्याचा अर्थ मात्र सर्व मराठी प्रदेशांत एकच आहे आणि तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी पायरी : काय वगळले ते पाहा

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका मी संपादित केली होती. प्रकाशनाच्या दिवशी एका ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "कागद फार उत्तम वापरलात. छपाई स्वच्छ आहे. आणि जाहिराती किती व्यवस्थित लावल्या आहेत!" मी हे कौतुक आठवडाभर मिरवले. आठव्या दिवशी पत्नीने विचारले, "आणि लेख?"

हर्बर्ट पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६७ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या आणि १९७५ मध्ये छापून आलेल्या व्याख्यानात जवळपास हेच उदाहरण दिले आहे. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याची शिफारस करताना त्याचा शिक्षक लिहितो की विद्यार्थ्याचे इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व आहे आणि तो तासाला नियमित हजर असतो. पत्र एवढ्यावरच संपते. दोन्ही विधाने खरी आणि चांगली आहेत, तरी वाचणाऱ्याला कळते की हा विद्यार्थी तत्त्वज्ञानात बेताचा आहे. कारण ज्याला अधिक सांगता आले असते आणि ज्याने ते सांगणे अपेक्षित होते, त्याने ते सांगितलेले नाही. ग्राइसचे म्हणणे असे होते की संभाषणात माणसे परस्परांशी सहकार्य करत आहेत हे धरून चालल्यामुळेच हा न बोललेला अर्थ आपल्यापर्यंत पोहोचतो.

प्रत्यक्षात ही पायरी अशी वापरावी. ज्या गोष्टीचे कौतुक झाले तिचे केंद्र कोणते, हे आधी स्वतःला विचारावे. जेवणाचे केंद्र चव आहे, नाटकाचे केंद्र अभिनय आणि संहिता, लेखाचे केंद्र विचार, घराचे केंद्र तिथली माणसे. मग कौतुक केंद्रापासून किती दूर पडले ते मोजावे. इंदुरात हौशी मराठी नाटकांची परंपरा मोठी आहे, त्यामुळे या मोजणीचा सराव आम्हाला भरपूर मिळतो. प्रयोगानंतर रंगपटात जाऊन "नेपथ्य सुंदर होतं" असे सांगणारा माणूस केंद्रापासून दहा पावले लांब उभा असतो. "पाठांतर चोख होतं" म्हणणारा त्याहून लांब. आणि "मेहनत दिसते हं सगळ्यांची" म्हणणारा तर एव्हाना पार्किंगमध्ये पोहोचलेला असतो. पाहुण्याने दिवाणखान्यात बसून "तुमचं शहर किती स्वच्छ आहे हो" म्हणावे, हाही त्यातलाच प्रकार. २०१७ पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचे नाव वर्षानुवर्षे लागत आले आहे, त्यामुळे वाक्य खरेच असते आणि आम्हाला त्याचा अभिमानही वाटतो; पण एका घरात तासभर बसून शहराखेरीज काहीच आठवले नाही, एवढी नोंद मनात करून ठेवायला हरकत नाही.

तिसरी पायरी : आणखी कोण ऐकत होते?

अकराव्या शतकातल्या काश्मीरमधील मम्मट या काव्यशास्त्रकाराने आपल्या 'काव्यप्रकाश' ग्रंथाच्या तिसऱ्या उल्लासात, म्हणजे प्रकरणात, शब्दांच्या सरळ अर्थापलीकडचा व्यंग्य अर्थ कशाकशाच्या वैशिष्ट्याने जाणवतो, याची एक यादीच दिली आहे: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, काकू म्हणजे स्वराची ढब, वाक्य, त्याचा सरळ अर्थ, तिसऱ्या कोणाची उपस्थिती, प्रसंग, स्थळ, काळ वगैरे. (स्वराला संस्कृतात 'काकू' म्हणतात याचा आमच्या काकूंशी व्युत्पत्तीने काही संबंध नाही, पण त्यांच्या "वा, वा, छान" मधल्या चार निरनिराळ्या चाली ज्याने ऐकल्या आहेत, त्याला हा शब्द पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.) काव्य समजण्यासाठी केलेली ही यादी हळदीकुंकवाच्या बैठकीतही बिनचूक चालते. माझ्या अनुभवात तिच्यातले सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित कलम म्हणजे तिसऱ्याची उपस्थिती.

आपल्या भाषेने यासाठी म्हणच करून ठेवली आहे: लेकी बोले सुने लागे. म्हणीत लेकीला बोल लावला जातो. सभ्य घरांत आता त्याची जागा कौतुकाने घेतली आहे. "काय गुणाची आहे हो तुमची सून, नोकरी सांभाळून सकाळी सगळा स्वयंपाक करून जाते!" हे शेजारणीला उद्देशून म्हटलेले वाक्य असते; शेजारणीच्या सुनेला त्याचा आनंद होतो; आणि ज्या सुनेसाठी ते बोलले गेले ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असते. येथे कौतुक खोटे नसते. ते फक्त एका पत्त्यावर लिहून दुसऱ्या पत्त्यावर पोहोचवलेले असते. कार्यालयात वरिष्ठ एका सहकाऱ्याच्या वक्तशीरपणाची सर्वांसमक्ष वाखाणणी करतात तेव्हा, ज्याचे कौतुक झाले त्याने फार फुलून जाऊ नये आणि जो रोज पावणेअकराला येतो त्याने पंख्याकडे पाहू नये.

म्हणून कौतुक ऐकताच खोलीत आणखी कोण आहे ते पाहावे, आणि कौतुकाचा गुण कोणाकडे नाही असे बोलणाऱ्याला वाटत असेल, याचा अंदाज घ्यावा. असा माणूस हाकेच्या अंतरावर असेल तर कौतुक बहुधा त्याच्यासाठी होते. आपण निमित्तमात्र होतो हे कळल्याने थोडे वाईट वाटते खरे, पण त्या माणसाची बाजू सावरण्याची संधीही आपल्याच हातात येते. "अहो, आमच्याकडे भाजी चिरायला बाई आहेत म्हणून जमतं तिला, तुमची सून तर एकटीने करते" एवढे म्हटले तरी आतल्या खोलीतल्या घड्या जरा हलक्या हाताने होतात.

चौथी पायरी : पुढच्या दोन मिनिटांची वाट पाहा

"तुमचं अक्षर किती सुंदर आहे!" या वाक्यानंतर मंडळाच्या तीनशे आमंत्रण पाकिटांवर नावे घालण्याचे काम आले नाही, असे माझ्या आयुष्यात एकदाही झालेले नाही. "तुमच्या हाताला काय चव आहे" यातून चाळीस पुरणपोळ्या निघतात. "हे तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही" हे वाक्य मार्च महिन्यात हिशेबाच्या टेबलापाशी सर्वाधिक ऐकू येते. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे हा वाक्प्रचार यासाठीच आहे, आणि चढणाऱ्याला झाडाची उंची खाली पडल्यावर कळते.

यासाठी वेगळे कौशल्य लागत नाही, फक्त थांबावे लागते. कौतुकानंतर लगेच उत्तर न देता थोडे हसावे, आणि "बरं, ते म्हणजे", "म्हणून म्हटलं" किंवा "एक विचारायचं होतं" यांपैकी काही येते का ते ऐकावे. आल्यास कौतुक आणि काम यांची गाठ सोडून दोन्हींना स्वतंत्र उत्तर द्यावे: "अक्षर आवडलं हे ऐकून बरं वाटलं. पाकिटं मात्र या आठवड्यात होणार नाहीत, पुढच्या रविवारी शंभर करून देतो." कौतुक स्वीकारले म्हणजे काम स्वीकारले असा जो करार न बोलता होत असतो, तो येथे सभ्यपणे मोडता येतो.

पाचवी पायरी : वाक्यात बोलणारा स्वतः आहे का?

नकार देणारे कौतुक ओळखण्यासाठी वाक्याचे व्याकरण तपासावे. लग्न जुळवण्याच्या व्यवहारात याचे नमुने सर्वांत शुद्ध मिळतात, आणि इंदूरची मुलगी व पुण्या-मुंबईचा मुलगा, किंवा याच्या उलट, अशी स्थळे आमच्याकडे सतत येत असल्याने माझा संग्रह मोठा आहे. "मुलगी फार गुणी आहे, कोणाच्याही घरात शोभेल." यातले 'कोणाच्याही' पाहा, त्यात बोलणाऱ्याचे घर सोडून बाकी सगळी घरे आली. "तिला खूप चांगलं स्थळ मिळेल." हे वाक्य भविष्यकाळात आहे आणि त्यात बोलणारा कुठेच नाही. "मुलगा फार शिकलेला आहे हो", "तुमची माणसं किती साधी आहेत", "बघण्याचा कार्यक्रम किती छान केलात", या सगळ्यांत विशेषणे उदार आहेत आणि 'आम्हाला' हा शब्द नाही. याउलट ज्यांना होकार द्यायचा असतो त्यांचे बोलणे अनेकदा ओबडधोबड असते: "आम्हाला पसंत आहे, पण मुलीला इकडचं दमट हवामान सोसेल का?" शंका विचारणारा माणूस आत शिरलेला असतो, नुसते कौतुक करणारा उंबऱ्यावरच चप्पल घालत असतो. नोकरीच्या मुलाखतीनंतरचे "तुमचा अनुभव फारच समृद्ध आहे" आणि संपादकाचे "लेखन प्रामाणिक आहे" यांनाही हीच कसोटी लावावी.

याच्याच जवळची एक खास मराठी खूण आहे. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. एकात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात सामावला जातो. हिंदीतल्या 'हम'ला ही सोय नाही, आणि दिवसभर हिंदीत वावरून आम्ही इंदूरकर हा फरक कधी कधी पुसटही करतो. पण पाहुणा "तुम्ही माळव्यातले लोक फार अगत्यशील" म्हणतो की "आपल्याकडे असं अगत्य कुठे राहिलंय आता" म्हणतो, याकडे कान ठेवावा. पहिल्यात अगत्याचे कौतुक आहे आणि अंतरही आहे. दुसऱ्यात तक्रार आहे आणि जवळीक आहे. मला विचाराल तर मी दुसरे घेईन.

सहावी पायरी : माणसाचे माप आणि गावाचे माप

एकच शब्द दोन तोंडांत दोन वजनांचा असतो. माझे वडील आयुष्यभर "वाईट नाही" याच्या वर गेले नाहीत. अण्णांनी एखाद्या गाण्याला "वाईट नाही" म्हटले की गाणारा त्या रात्री झोपत नसे. दुसरीकडे सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, अकरा वाजता गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) गाडीसमोर उभा असलेला आमचा शेजारी गराडूला, गाडीवाल्याला, थंडीला आणि माझ्या जुन्या स्कूटरला एकाच दमात "एक नंबर, भिया!" म्हणतो. अण्णांचे "वाईट नाही" आणि शेजाऱ्याचे "एक नंबर" एकाच तराजूत टाकले तर दोघांवरही अन्याय होईल. म्हणून कोणाच्याही कौतुकाचा अर्थ लावण्यापूर्वी तो माणूस इतर वेळी काय म्हणतो हे आठवावे, आणि त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा हे वर आहे की खाली एवढेच पाहावे.

माळव्याची एक रीतही येथे लक्षात घ्यायला हवी. "मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर" असे या भूमीचे वर्णन केले जाते, आणि त्या रोटीबरोबर मनुहार येते. मनुहार म्हणजे आपल्या आग्रहाची थोरली बहीण. ती करताना यजमान पाहुण्याची स्तुती करतो, पाहुणा यजमानाची करतो, आणि दोघांनाही ठाऊक असते की ही जेवणाची पंगत आहे, साक्षीदाराचा पिंजरा नव्हे. मालवी शेजारीण जेव्हा म्हणते, "आपके हाथ के खाने के तो क्या कहने", तेव्हा ते 'या, बसा'च्या जातीचे वाक्य असते. त्यात खोल अर्थ शोधणारा माणूस 'राम राम'मध्ये धर्मशास्त्र शोधणाऱ्यासारखा फसतो. सदाशिव पेठेत वाढलेल्या सुना इंदुरात आल्यावर पहिली दोन वर्षे या उदार स्तुतीला ढोंग समजतात, आणि इंदुरात वाढलेल्या मुली पुण्यात गेल्यावर तिथल्या काटकसरीला तुसडेपणा समजतात. दोघींचीही चूक एकाच जागी होते.

सातवी पायरी : कृतीशी ताडून पाहा

एवढे करूनही शंका राहिली तर पडताळा घ्यावा, पण उलटतपासणी करू नये. "खरंच आवडलं का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याला एकच सभ्य उत्तर आहे. त्याऐवजी तपशिलाला वाट करून द्यावी: "पुढच्या वेळी बडीशेप कमी करू का?" ज्याला पोहे खरोखर आवडले तो म्हणेल, "नको, तेच तर छान लागत होतं." ज्याला आवडले नव्हते त्याला सुटकेचे दार मिळेल आणि तो "चालेल, थोडी कमी" म्हणून त्यातून बाहेर पडेल. दोघांचाही मान राहतो आणि आपल्याला हवे ते कळते.

बोलण्यापेक्षा कृती अर्थातच अधिक विश्वासू असते. दुसऱ्यांदा वाढून घेतले का, कृती विचारली का, डबा भरून नेला का, आपण नसताना दुसऱ्या कोणाजवळ तेच कौतुक केले का. यातला शेवटचा पुरावा सर्वांत पक्का, कारण पाठीमागे केलेल्या कौतुकाला आपल्याकडून काहीच काम करून घ्यायचे नसते.

उत्तर कोणते द्यावे

बहुतेक वेळा उत्तर वरच्या अर्थाला द्यावे, खालच्या अर्थाला नाही. खालचा अर्थ कळला आहे हे दाखवण्याचा मोह फार होतो. तो आवरला तर पुढचे बोलणे आपल्या हातात राहते. शिवाय आपला अर्थ चुकला असण्याची शक्यता नेहमीच असते, आणि सरळ उत्तराने कोणाचे नुकसान होत नाही. त्या दिवशी माझी आई चहाचे कप पुढे करत बहिणीला एवढेच म्हणाली, "हो गं, घरात तेवढंच बोलतो आम्ही." त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, आणि 'मानाने'ला जागाही उरली नव्हती. मी मात्र तोंड उघडण्याच्या बेतात होतो आणि होळकरांच्या काळापासून सुरुवात करणार होतो.

नकाराच्या कौतुकाला "आभारी आहे, काही ठरलं तर कळवा" एवढे पुरते. कारण विचारू नये, कारण ते सांगावे लागू नये म्हणूनच तर कौतुक केलेले असते. घरगुती कौतुकाला "धन्यवाद" म्हटले तर मराठी कानाला ते सभेतले वाटते. "कसलं काय", "तुमच्याकडूनच शिकले" ही जुनी उत्तरे अजूनही चालतात, मात्र तीही तीनदा म्हटली की आणखी कौतुकाची मागणी वाटू लागतात. आणि जिथे कौतुक वारंवार, ठरावीक माणसाकडून, ठरावीक जागी बोचण्यासाठीच येते, तिथे एकदा एकांतात शांतपणे सांगावे: "रंगाच्या मानाने म्हणतेस ते मला आवडत नाही." चारचौघांत सांगितले तर त्या माणसाला हसून सुटण्यासाठी प्रेक्षक मिळतात.

काही ठिकाणी ही सगळी रीत गुंडाळून ठेवावी. आजारी माणसाने, लहान मुलाने, किंवा फार कमी बोलणाऱ्या वृद्धाने केलेले कौतुक तपासायचे नसते. फोनवरच्या गटात वाढदिवसाला येणाऱ्या टाळ्या आणि हारांचेही तेच. ती हजेरी आहे.

स्वतः कौतुक करताना मात्र हीच रीत उलटी चालवून पाहावी. 'मानाने', 'तरी' आणि 'तशी' काढून टाकावेत, केंद्राबद्दल बोलावे, निदान एक तपशील द्यावा, आणि काम मागायचे असेल तर ते आधी मागून टाकावे. मी हे आता कटाक्षाने करतो, आणि त्यामुळे मी कौतुक कमी करतो असे घरी म्हणतात.

स्मरणिकेचे सांगायचे राहिले. गेल्या वर्षीचा अंक निघाल्यावर चार दिवसांनी रामबागेत राहणारे एक निवृत्त बँक कर्मचारी सकाळी सकाळी आमच्या दारात उभे राहिले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "पान २३," ते म्हणाले. "गेर, आपली रंगांची मिरवणूक, धुळवडीला निघते असं छापलंय तुम्ही. गेर रंगपंचमीला निघते. इंदूरच्या माणसाने ही चूक करावी? आणि त्याच लेखाचे शेवटचे दोन परिच्छेद एकच गोष्ट सांगतात. आणि पान ४१ वरची कविता चांगली आहे, ती इतकी मागे का टाकलीत?" मी त्यांना आत बोलावले, अंक त्यांच्यापुढे ठेवला, लाल पेन शोधून दिले आणि स्वयंपाकघरात जाऊन पोहे टाकायला सांगितले.